लोच विकताना पूर्ण वाढीची लांबीही लिहा

महोदय,

शोभेच्या माशांच्या दुकानात 'हा तळातली घाण खातो' असे सांगून एखादा लोच जातीचा मासा पिशवीत घालून दिला जातो. घेणारा खूश, कारण टाकी धुण्याचे काम वाचले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात लोच घाण खात नाही. सांडलेले दाणे टिपतो, शंखातून गोगलगाय ओढून काढतो. विष्ठा आणि शेवाळ जिथल्या तिथे राहते. उलट तळाशी वावरणारा मासा असल्याने तळ घाण झाला की पहिला त्रास त्यालाच होतो.

नारिंगी अंगावर तीन काळे पट्टे असलेला क्लाउन लोच सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला. दुकानात दोन इंची दिसतो, पूर्ण वाढला की फुटाला टेकतो आणि नीट सांभाळला तर वीस वर्षे जगतो. एकटा ठेवला तर कोपऱ्यात दडून राहतो, खात नाही. किमान पाच-सहा हवेत, म्हणजे पुढे सहा फुटी टाकी आलीच. तेवढी जागा नसलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच, म्हणजे शंभरेक लिटरच्या टाकीत लहान जातीचे सहा-आठ कुली लोच सुखाने राहतात. झेब्रा लोच तर आपल्या सह्याद्रीतलाच, पण धोक्यात आलेल्या प्रजातींच्या जागतिक यादीत आहे. तो ओढ्यातून धरून आणला की पैदाशीचा, हे विचारूनच घ्यावा. दुकानदारांनी भावाच्या पाटीखाली 'पूर्ण लांबी' आणि 'किमान किती' एवढ्या दोन ओळी लिहिल्या तरी बरेच मासे वाचतील.

गोव्यात आणखी एक हौस दिसते: किनाऱ्यावरची वाळू आणि शिंपले टाकीत घालणे. त्यातला चुना विरघळून पाणी जड होते; लोचला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. चमचाभर वाळूवर माडाचे व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर ती वाळू नको. धारदार खडीही नको, तिने मिशा झिजतात. बारीक, गोल कणांची नदीची वाळू दीड-दोन इंच पुरे. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी बहुधा मऊच असते. ते रात्रभर हवा सोडून मग वापरावे. नळाच्या पाण्याला शंभर लिटरमागे एक-दीड ग्रॅम हायपो (क्लोरीन मारणारे सोडियम थायोसल्फेट). आठवड्याला पाव टाकी बदलावी, त्याहून जास्त एकदम नको.

खरी परीक्षा पावसाळ्यात. दोन-तीन अंशांनी थंड पाणी एकदम ओतले की दोन-चार दिवसांत अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतात. लोचचे खवले अगदी बारीक, कातडीत रुतलेले, त्यामुळे औषध त्याला इतरांपेक्षा लवकर बाधते. मॅलाकाइट ग्रीन हे ठिपक्यांवरचे औषध बाटलीवरच्या मात्रेच्या निम्मे घालावे. तांब्याचे औषध नकोच. आधी फिल्टरमधला कोळसा काढावा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. हीटरने तापमान हळूहळू ३० अंशांवर न्यावे आणि हवेचा पंप वाढवावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. अंगावरच्या ठिपक्यातल्या जंतूला औषध पोचत नाही. तो गळून पडतो आणि त्याची पिल्ले पाण्यात सुटतात, तेव्हाच मरतात. म्हणून ठिपके गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवावा. इथेच बहुतेक जण घाई करतात.

वीज चार-पाच तास गेली असेल तर डब्याचा फिल्टर तसाच सुरू करू नये. आतले सडलेले पाणी सरळ टाकीत येते. आधी ते ओतून टाकावे आणि स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळावा. नळाखाली धुतला तर उपयोगी जिवाणू मरतात.

लोच आडवा पडलेला दिसला म्हणून लगेच मेला समजू नका, तो असाच झोपतो. पकडताना मात्र जाळी वापरू नका. डोळ्याखाली त्याला दुमडता येणारा काटा असतो. मासा घाबरला की हा काटा उभा राहतो आणि जाळीत अडकतो. बरणीने किंवा प्लास्टिकच्या मगाने हाकत घ्यावा. अडकलाच तर ओढू नये, पाण्यातच ठेवून कात्रीने जाळी कापावी.

— एक मत्स्यपालक, फोंडा