दाबोळीची धावपट्टी आणि अकरावीचा प्रवेशअर्ज

माननीय संपादक,

सब लेफ्टनंट आस्था पुनिया या नौदलाच्या लढाऊ वैमानिक शाखेत दाखल झालेल्या पहिल्या महिला. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणमला त्यांचा गौरव झाला. आम्हा मुरगावकरांना ही बातमी घरचीच वाटली पाहिजे. नौदलाची मिग-२९के विमाने आमच्या दाबोळीच्या आयएनएस हंसा या नौदलाच्या हवाई तळावरून उडतात. विमानवाहू जहाजावरून झेपावण्याचा आणि हुकाने तार पकडून उतरण्याचा सराव वैमानिक आधी इथल्याच जमिनीवर करतात.

मुलींना हे झेपेल का, असे आजही विचारले जाते. हवाई दलात २०१६ पासून महिला लढाऊ वैमानिक आहेत. दिवाडीला बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून दिलना आणि रूपा या नौदलाच्या दोघी अधिकारी पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०२५ मध्ये गोव्यात परतल्या. आणखी काय सिद्ध करायचे राहिले? पायदळ आणि रणगाडा दल मुलींना अजून बंद आहे, तेही उघडले पाहिजे.

पण मला जास्त काळजी आहे ती उघडलेल्या दारांची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे २०२२ पासून मुलींना एनडीएत, म्हणजे बारावीनंतर सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, प्रवेश मिळाला आणि पहिल्या तुकडीतल्या सतराजणी खडकवासल्याहून उत्तीर्णही झाल्या. तिथे नौदल किंवा हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतेच. पदवीनंतर हवाई दलाच्या वैमानिक शाखेसाठी अर्ज करतानाही हे दोन विषय बघतात. म्हणजे पंधरा-सोळाव्या वर्षी गणित सोडलेल्या मुलीची ही वाट तिथेच बंद होते, आणि हे तिला कोणी सांगितलेलेही नसते. मी उभा जन्म गणित शिकवले. हुशार मुलींना ‘बायोलॉजी पुरे, गणिताची ट्यूशन कशाला’ म्हणून घरच्यांनी विषय बदलायला लावलेला पाहिला आहे. त्याच घरातल्या मुलाला मात्र गणित घ्यायलाच लावतात! याचा मला आजही राग येतो.

शिक्षण खात्याने दहावीच्या पालकसभेत ही माहिती द्यावी. हंसावरच्या महिला अधिकाऱ्यांना डिचोली, पेडणे, काणकोणच्या शाळांत बोलावावे. एनडीएची जाहिरात वर्षातून दोनदा निघते. आपल्या वृत्तपत्राने ती विषयांच्या अटींसह ठळकपणे छापावी, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षिका, चिखली, वास्को