अस्वलाचा तराजू

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आपण फोनवर बोलतोच, पण ही गोष्ट फोनवर काढली की तू "अरे, सोड ना" म्हणून विषय बदलशील. पत्रात तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

गेल्या शनिवारी तुझी भाचरं कार्टून बघत होती, मी शेजारी कपड्यांच्या घड्या घालत होतो. अस्वलाची दोन पिल्लं. धाकटं आजारी पडतं, आई त्याच्या उशाशी बसून राहते. थोरलं काठीला अक्रोडाची दोन टरफलं बांधून तराजू करतं आणि मोजायला बसतं. आईने गोष्ट सांगितली की एक खडा, डोक्यावरून हात फिरवला की एक खडा. धाकट्याचं पारडं जमिनीला टेकतं. शेवटी थोरलं आईलाच म्हणतं, "आता तू बस माझ्या पारड्यात." आई बसते, तराजू मोडतो, सगळे हसतात, मिठी, गाणं, संपलं. दहा मिनिटांत निकाल!

आमच्या धाकट्याला तराजू मोडला तेवढंच आवडलं, त्याने ते चारदा मागे नेऊन पाहिलं. थोरली मात्र म्हणाली, "पण त्याच्या वाटणीच्या गोष्टी राहिल्याच की." मला घडी घालता येईना. खरंच, त्या थोरल्याला कुणी काहीच दिलं नव्हतं. त्याने समजून घेतलं, एवढंच.

मग मी वाचत सुटलो, माझी सवय तुला माहीत आहे. सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल यांनी २००३ साली कॅपुचिन माकडांवरचा एक प्रयोग छापला. एकाच कामाला दोघींनाही काकडी मिळाली तर दोघी खूश. शेजारणीला द्राक्ष मिळालेलं दिसलं की मात्र तीच काकडी नको होते. म्हणजे "तिला का?" हे आपण बोलायला लागण्याआधीपासूनचं आहे.

मुलांवरचा खेळ त्याहून बोचरा. दोन मुलं समोरासमोर, गोळ्यांची वाटणी आधीच मांडलेली, एकाच्या हातात दोन दांडे. हिरवा ओढला तर मांडलंय तसं मिळणार, लाल ओढला तर दोघांनाही काही नाही. २०१५ मध्ये अशा खेळाचे सात देशांतले निकाल आले, त्यात भारतही होता. आपल्याला एक आणि समोरच्याला चार असलं की लाल ओढणारी मुलं सातही देशांत निघाली, कुठे लहान वयात तर कुठे जरा उशिरा. आपल्याला चार आणि समोरच्याला एक असतानाही लाल ओढणारी, तीही जरा मोठी मुलं, तीनच देशांत दिसली: अमेरिका, कॅनडा आणि युगांडा. यावरून आपल्याकडची पोरं स्वार्थी, असं म्हणायला मी तयार नाही. एका खेळावरून एवढं ठरत नसतं. पण माझ्यापुरतं म्हणशील तर बरोबर आहे. मी लाल दांडा कधी ओढला नाही.

माझा हिशोब तुला पाठ आहे: तुझं जुनं दप्तर, तुझी जुनी सायकल, तुझ्या खुणा केलेली पुस्तकं. हे खडे मी वर्षानुवर्षं मोजले. खिडकीजवळची जागा मला हवी म्हणून मी भोकाड पसरायचो आणि तू उठायचीस, तो खडा कधी टाकलाच नाही. सगळे म्हणायचे, "मोठी आहे, समजूतदार आहे." तेव्हा तू किती वर्षांची होतीस ग? नऊ?

आमच्याकडेही तेच चाललंय, म्हणून तर लिहितोय. थोरली आठची, धाकटा चारचा. परवा एकाच मापाने ज्यूस ओतला, एक ग्लास उभट, एक पसरट. पसरट वाट्याला आला म्हणून त्याने आकाशपाताळ एक केलं. या वयाला उंच ते जास्त वाटतं, मानसशास्त्रज्ञ पियाजेने ते कधीच दाखवून ठेवलंय, पण रडणाऱ्याला पियाजे काय सांगणार! थोरलीने मुकाट्याने आपला ग्लास पुढे सरकवला. मी पटकन म्हणालो, "शहाणी ग माझी!"

ती म्हणाली, "आणि मी रडले असते तर?"

मी काही बोललो नाही. ही स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती.

तेव्हापासून घरात नियम केलाय: एकाने ओतायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. जुनाच तोडगा आहे, पण भांडण थांबलं. दोनच दिवसांत एक गंमत लक्षात आली. ओतायचं काम थोरली हौसेने मागून घेते आणि उभट ग्लासात अगदी थोडं कमी ओतते. तो ऐटीत तोच उचलतो. ती पसरट घेते आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी पाहिलं, आणि गप्प बसलो. हिलाही अजून सांगितलेलं नाही.

तू असं काही केलं होतंस का ग माझ्याबरोबर? आठवून लिही. केलं असशील तर मला बरंच वाटेल.

आईबाबांना नमस्कार, भावोजींनाही.

तुझा,
धाकटा