दुखणाइताच्या विश्वासाची परीक्षा घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंगाई सभांविषयी, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या सभांविषयी, जे काही छापून येते, त्यात एका बाजूला चमत्कारांच्या साक्षी असतात आणि दुसऱ्या बाजूला हे सगळे थोतांड असल्याचा निकाल असतो. मी जन्माने आणि विश्वासानेही ख्रिस्ती आहे. आजाऱ्यासाठी केलेली प्रार्थना मी थोतांड मानत नाही, आणि म्हणूनच त्या प्रार्थनेच्या निमित्ताने आमच्याच मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) आजारी माणसाला जे ऐकून घ्यावे लागते, त्याविषयी लिहिल्यावाचून मला राहवत नाही.

माझे पती तीन वर्षे डायलिसिसवर होते. दिवसभरात प्यायचे पाणी मी सकाळीच एका बाटलीत मोजून भरत असे. गोळ्या घ्यायच्या त्या त्यातूनच, आणि चहा झाला की तेवढे पाणी बाटलीतून कमी करायचे. त्यांच्या डाव्या हातावरच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोट ठेवले की आत सतत एक थरथर लागायची. ती थांबली तर डायलिसिसची वाटच बंद होते, त्यामुळे रोज रात्री ती तपासून पाहावी लागे आणि माझी रात्रीची प्रार्थना त्या थरथरीवर बोट ठेवूनच होत असे. त्या प्रार्थनेत मागणे होते तसा रागही होता, आणि ऐकणारा खरोखर कोणी आहे ना, हा प्रश्नही होता.

दुसऱ्या वर्षी काही ओळखीचे लोक आम्हांला एका सभेला घेऊन गेले. तिथे माझ्या पतींकडून, आपण बरे झालो आहोत, असे सर्वांसमक्ष वदवून घेण्यात आले आणि आता पुन्हा सुई टोचून घेणे म्हणजे देवावर अविश्वास दाखवणे, असे सांगण्यात आले. त्यांनी एक खेप चुकवली. तिसऱ्या रात्री त्यांना आडवे पडता येईना, श्वास लागला, आणि पहाटे आम्ही त्यांना रिक्षात बसवून दवाखान्यात नेले. ते वाचले. मात्र नंतर भेटायला आलेल्या त्याच मंडळींनी खाटेशेजारी बसून, तुमच्या मनात कुठेतरी संशय राहिला असेल, म्हणून देवाचा हात थांबला, असे सांगितले. त्या दिवसापासून पती मला वारंवार विचारू लागले की आपला विश्वास नेमका कुठे कमी पडला. आजाराने त्यांचे शरीर नेले, पण हा प्रश्न त्यांच्यावर माणसांनी लादला होता, आणि त्याबद्दल मी अजून कोणाला क्षमा करू शकलेले नाही.

ज्या पवित्र शास्त्राच्या आधारे हे सांगितले जाते, ते उघडून पाहिले तर वेगळेच दिसते. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात दुखणाइताने करायची गोष्ट एकच आहे: मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलावणे पाठवायचे. तेल लावायचे, प्रार्थना करायची आणि ती विश्वासाने करायची, हे काम येणाऱ्यांचे आहे. मार्काच्या शुभवर्तमानात छप्पर उसकटून पक्षघाती माणसाला खाली सोडले जाते, तेव्हा येशूने त्या माणसाचा नव्हे, तर ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे लिहिले आहे, आणि त्यांत बाज उचलून आणणारे चौघे आहेत. त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातला बाप विश्वास आहे असे म्हणता म्हणताच आपल्या अविश्वासासाठी मदत मागतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो. संशय न धरता मागावे, हे याकोबाचे वचन तर सर्रास रुग्णांना ऐकवले जाते; पण त्याच्या आधीची ओळ ज्ञान मागण्याविषयी आहे, आजारातून उठण्याविषयी नाही, हे कोणी सांगत नाही. ज्या पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत, असे प्रेषितांच्या कृत्यांत लिहिले आहे, त्याच पौलाला आपला सहकारी त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडून पुढे जावे लागले, आणि त्रफिमाच्या विश्वासाबद्दल तो एक अक्षरही वावगे लिहीत नाही.

प्रार्थना निरर्थक ठरवू पाहणारे सुशिक्षित लोक 2006 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास पुढे करतात. त्यात बायपास शस्त्रक्रिया झालेले 1802 रुग्ण होते, आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी 59 टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाली. ज्यांना खात्रीने काही सांगितले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण 51-52 टक्के होते. प्रार्थना गोळीसारखी मोजता येते असे मला वाटत नाही, त्यामुळे या आकड्यांनी माझा विश्वास ढळत नाही. मात्र प्रार्थना करावी लागावी इतकी आपली प्रकृती बिघडली आहे का, असे त्या रुग्णांना वाटले असावे, ही त्या अभ्यासकांपैकी एकाने बोलून दाखवलेली शंका मला पटते, कारण खाटेवरच्या माणसावर पडणारे ओझे मी जवळून पाहिले आहे.

आमच्या मिरजेत डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली मिशनचे रुग्णालय सुरू केले. प्रार्थना आणि सुई यांतले एक निवडा, असे म्हणणाऱ्यांना या गावात तरी आधार सापडू नये. सर्व मंडळ्यांच्या पाळकांना माझी कळकळीची विनंती आहे की गृहभेटीला जाणाऱ्यांना त्यांनी स्पष्ट बजावावे: उपचार थांबवायला सांगायचे नाही, बरे झाल्याची साक्ष वदवून घ्यायची नाही, आणि रुग्णाच्या विश्वासाचे माप काढायचे नाही.

शेवटच्या महिन्यात आमच्या मंडळीतले एक वृद्ध वडील घरी आले. त्यांनी तेलाची लहानशी बाटली काढून बोट बुडवले आणि प्रार्थनेआधी माझ्या पतींना विचारले, “काय मागू?” पती बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “उद्या सुई पहिल्याच वेळी लागू दे.” त्या वडिलांनी त्यांच्या कपाळाला तेल लावले आणि तेवढेच मागितले.

आपली विश्वासू,
एक वाचक, मिरज