बर्फाखालचा जीव शोधायचा तर आधी कोरा नमुना हवा

मा. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्री,
स.न.वि.वि.

शनीच्या एन्सेलॅडस या जेमतेम 500 किलोमीटर व्यासाच्या चंद्रावरून बर्फाचे फवारे उडतात, हे कॅसिनी यानाने 2005 मध्ये दाखवले. त्यांत मीठ, हायड्रोजन आणि फॉस्फेटही सापडले. अशा चंद्राकडे भारताचे उपकरण जावे, असे आम्हाला मनापासून वाटते. पण त्याची तयारी अंटार्क्टिकात करावी लागेल, कारण तिथेही जाड बर्फाखाली पाणी आहे. आणि तिथे निधी लागतो तो स्वच्छतेला आणि कोऱ्या नमुन्यांना: कोरा नमुना म्हणजे जीव नसलेला, पण खऱ्या नमुन्यासारखाच हाताळलेला; त्यात जंतू दिसले तर ते बाहेरून आलेले.

अंटार्क्टिकात बर्फाखाली असलेल्या व्होस्टोक सरोवराचे उदाहरण पाहा. रशियन पथक फेब्रुवारी 2012 मध्ये सुमारे 3,769 मीटर बर्फ भेदून पाण्यापर्यंत पोहोचले. छिद्र मिटू नये म्हणून त्यात केरोसीन आणि फ्रेऑन भरले होते. सरोवराचे पाणी दाबाने छिद्रात चढले, या द्रवाला भिडले आणि तिथेच गोठले. त्या बर्फातले जिवाणू सरोवरातले की ड्रिलच्या द्रवातले, हा वाद मग मिटलाच नाही. इतक्या वर्षांची मेहनत, आणि उत्तर संशयास्पद!

जानेवारी 2013 मध्ये अमेरिकी पथकाने अंटार्क्टिकातल्याच व्हिलन्स सरोवरावरचा 800 मीटर बर्फ गरम पाण्याने भेदला. ते पाणी 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून आणि अतिनील दिव्यांखालून जात होते. उपकरणे हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसली जात. ड्रिलच्या पाण्यातल्या पेशीही वेगळ्या मोजल्या. म्हणून सरोवरात दर मिलिलिटरला सुमारे 1,30,000 पेशी आहेत, हा आकडा टिकला.

गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रात बर्फाचे गाभे (ड्रिलने काढलेले बर्फाचे लांब दंड) हाताळणारी शीत प्रयोगशाळा आहे, आणि अंटार्क्टिकातल्या भारताच्या मैत्री तळाच्या शिरमाखर परिसरात शंभराहून अधिक सरोवरे. सरावाला आणखी काय हवे? गाभ्याच्या बाहेरच्या थरावर ओळखीचा डीएनए फासायचा, थर खरवडायचा, आतला भाग वितळवायचा. फासलेला डीएनए आत दिसला की तो नमुना बाद. शिवाय कोरा नमुना म्हणून निर्जंतुक पाणी गोठवून केलेला खोटा गाभा त्याच करवतीखालून, त्याच हातांतून न्यायचा. ऑटोक्लेव्हवर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर) विसंबून चालत नाही: उष्णतेने जंतू मरतात, त्यांच्या डीएनएचे तुकडे उरतात आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या चाचणीत) उगवतात. डीएनए काढण्याच्या विकतच्या किटमध्येही जिवाणूंचे अंश असतात. नमुन्यात पेशी जितक्या कमी, तितका हा कचरा वरचढ.

कोऱ्या नमुन्यांवरचा खर्च वाया गेल्यासारखा दिसतो, म्हणून कात्री आधी तिथेच लागते. त्यासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष द्यावे आणि दर तीन नमुन्यांमागे किमान एक कोरा नमुना बंधनकारक करावा. गाभे कापायला गाळलेल्या हवेची, धन दाबाची (बाहेरची हवा आत येऊ न देणारी) खोली बांधावी. 2022 च्या भारतीय अंटार्क्टिका कायद्याखाली परवान्याचे अर्ज येतात. बर्फ भेदणाऱ्या प्रत्येक अर्जात ड्रिलचा द्रव आणि निर्जंतुकीकरणाची पद्धत लिहून मागावी.

गुरूचा चंद्र युरोपा आणि एन्सेलॅडस यांच्यासाठीचा आंतरराष्ट्रीय दंडक असा की पृथ्वीवरचा जंतू तिथल्या समुद्रात पोहोचण्याची शक्यता प्रत्येक मोहिमेमागे दहा हजारांत एकाहून कमी हवी. अवकाश विभागाचा कार्यभारही आपल्याकडे असल्याने दोन्हीकडच्या तज्ज्ञांची एकत्र बैठक येत्या अंटार्क्टिक मोहिमेआधी बोलवावी, ही विनंती.

कळावे,
ध्रुवीय बर्फ आणि सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक