एकाच मजल्याचे नूतनीकरण आणि हरित मानांकन

महोदय,

रुग्णालयाची एखादीच विंग नव्याने करायची असली, तरी 'हरित' पाटी मात्र अख्ख्या इमारतीवर हवी असते! पर्यावरणपूरक इमारतीला गुणांवर मिळणारे हे मानांकन निवडताना घोळ होतो तो इथेच. 'लीड' या अमेरिकी मानांकनाचा रुग्णालयांसाठीचा प्रकार नव्या इमारतींना किंवा मोठ्या नूतनीकरणाला लागू पडतो. एका मजल्याच्या कामाला त्यांचाच अंतर्गत सजावटीचा प्रकार जवळचा. 'ब्रीम' या ब्रिटिश मानांकनाच्या नूतनीकरण योजनेत तर बाह्य कवच व सांगाडा, मुख्य यंत्रणा, स्थानिक यंत्रणा आणि अंतर्गत रचना असे 4 भाग आहेत. जेवढे काम, तेवढेच भाग घ्यायचे. अर्धवट कामाला मला हे अधिक सोयीचे वाटते.

खरी मेख वातानुकूलनात असते. नव्या वॉर्डाला हवा पुरवणारे यंत्र बहुधा जुन्या मजल्यालाही पुरवते. मग वीजबचत कुणाच्या खात्यात मांडायची? त्यासाठी स्वतंत्र मीटर आधीच बसवायला हवेत. शिवाय फॉल्स सीलिंग उघडले की वर्षानुवर्षांची धूळ खाली येते आणि पलीकडे रुग्ण असतात. तो भाग सीलबंद करून तिथला हवेचा दाब कमी ठेवणे हे गुण मिळोत न मिळोत, करायलाच हवे.

– एक वास्तुविशारद