रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र: बार्शी लाइटचे इंजिन रंगवण्याआधी आतून कोरडे करा

माननीय रेल्वेमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

पुण्याहून सोलापूरला जाताना लागणारे कुर्डुवाडी पूर्वी ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाई. १८९७ मध्ये तिथून बार्शीपर्यंत ‘बार्शी लाइट रेल्वे’ ही अडीच फुटी गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची), म्हणजे नॅरोगेजची गाडी सुरू झाली. पुढे ती एका बाजूला लातूरला, दुसऱ्या बाजूला पंढरपूरमार्गे मिरजेला पोचली. ती उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने एक नियम कडक पाळला: इंजिन असो वा वाघीण, एका अ‍ॅक्सलवर (चाकांच्या एका जोडीच्या आसावर) ५ टनांपेक्षा जास्त भार नको. त्यामुळे दर यार्ड लांबीला ३० पौंड वजनाचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचा रूळ पुरला. आज मुख्य मार्गावर ६० किलोचा असतो! इंजिनाला दांड्यांनी एकमेकांशी जोडलेली आठ चाके दिली, तीही वजन विभागण्यासाठीच. अडचण होती कुर्डुवाडीत. तिथला मुख्य मार्ग ब्रॉडगेजचा, म्हणजे जास्त रुंद. गेज बदलले की प्रत्येक पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचे. हमाली आणि वेळ दोन्ही वाढत. ब्रॉडगेज हवेच होते, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती नॅरोगेजची जुनी इंजिने चबुतऱ्यावर चढवून दरवर्षी नुसती रंगवण्याबद्दल. स्मोकबॉक्सच्या (धुराड्याखालच्या धुराच्या पेटीच्या) तळाशी राहिलेल्या राखेत गंधक असते. धुराड्यातून पावसाचे पाणी आत गेले की त्याचे आम्ल होते आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग मात्र चकचकीत! आधी राख खरवडून काढा, धुराड्यावर टोपी बसवा, टाक्यांच्या तळाचे नळ उघडे ठेवा. बॉयलरवरचे वेष्टण ओल धरते, म्हणून तेही काढावे लागते. पण त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे का, हे तपासल्याशिवाय कुणी हात लावू नये.

दुसरी विनंती भंगाराच्या लिलावाबद्दल. जुने रूळ विकण्याआधी निदान दोन रूळजोड्या स्लीपर, फिशप्लेट (दोन रूळ जोडणाऱ्या पट्ट्या) आणि बोल्टांसकट बाजूला काढा. रुळाच्या कमरेवर (मधल्या उभ्या भागावर) कारखान्याचे नाव आणि साल उठवलेले असते. ते तारेच्या ब्रशने हलक्या हाताने घासून फोटो घ्यावा, ग्राइंडर लावू नये. हा तुकडा ६० किलोच्या रुळाशेजारी ठेवला, तर ५ टनांचा हिशोब शाळकरी मुलालाही दिसेल.

ब्रॉडगेज धाराशिव शहराला जोडण्यासाठी वेगळ्या वाटेने नेल्यावर नॅरोगेजचा जुना भराव मागे राहिला. त्यावरच्या मोऱ्यांची (पाणी जाण्यासाठीच्या लहान पुलांची) मापे नांगर आणि जेसीबी पोचण्याआधी घ्यायला हवीत: गाळ्याची रुंदी, उंची, दगड की वीट, आणि किलोमीटरचा आकडा. हे काम पावसाळ्यानंतर, गवत वाळल्यावर करावे.

आपले,
पुण्यातील नॅरोगेज रेल्वेचे अभ्यासक