साखर मोजली, पाय, लघवी, डोळे कोण बघणार?

संपादक महोदय,

१४ नोव्हेंबरचा जागतिक मधुमेह दिन आला की गावोगावी साखर तपासणीची शिबिरे लागतात. नवे रुग्ण सापडायला ती उपयोगी आहेत. पण ज्यांचा मधुमेह दहा वर्षांचा जुना आहे, त्यांचीही तपासणी ‘उपाशीपोटी’ आणि ‘जेवणानंतर’ या दोन आकड्यांवरच थांबते. आधीचे दोन दिवस पथ्य पाळले की हे आकडे छान येतात आणि सगळ्यांचे समाधान होते.

म्हणून एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी करायची. साखर आटोक्यात असेल तर वर्षातून दोनदा; नसेल किंवा औषध बदलले असेल तर दर तीन महिन्यांनी. बहुतेक प्रौढांत ती ७ टक्क्यांच्या आत हवी. खूप वय झालेल्या किंवा साखर एकदम उतरण्याचा धोका असलेल्या रुग्णांत ८ पर्यंत चालते. तिथे ७ चा हट्ट धरला तर चक्कर येऊन पडणे, हाड मोडणे हेच पदरात पडते. आपल्याकडे या तपासणीत आणखी एक मेख आहे. अंगात लोह कमी असेल तर आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो खोटा कमी येतो. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार या सिकलसेल आढळणाऱ्या पट्ट्यात हे लक्षात न घेता ‘साडेसहा आहे, उत्तम’ म्हणणे धोक्याचे आहे. अशा रुग्णाची साखर ग्लुकोमीटरवर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी बघावी लागते. आणि बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा किंवा केळे सोललेल्या बोटावरचा थेंब हमखास चुकीचा आकडा देतो.

किडनीसाठी बहुतेक ठिकाणी फक्त रक्तातले क्रिएटिनीन (किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) पाहतात. ते वाढेपर्यंत किडनीचे बरेच काम गेलेले असू शकते. त्याच्या कितीतरी आधी लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन झिरपू लागते, आणि लघवीच्या नेहमीच्या पट्टीवर ‘निल’ आले तरी थोडे अल्ब्युमिन जात असू शकते. त्यासाठी अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर वर्षातून एकदा करावे, शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीवर. ३० च्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) वर आले तर लगेच घाबरू नये: ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी, जोरदार व्यायाम यांनीही ते वाढते. तीन ते सहा महिन्यांतल्या तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तर मात्र उपचार ठरवायचे. या टप्प्यावर योग्य औषधांनी किडनी वाचवता येते, पुढे ते अवघड होत जाते.

पायांकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि तिथेच सर्वांत कमी खर्च आहे. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट म्हणजे दांडीला लावलेला नायलॉनचा धागा. रुग्णाला डोळे मिटायला सांगून धागा अंगठ्याच्या टोकाला आणि चवड्याखाली, वाकेल इतका दाबायचा आणि ‘कळलं का’ विचारायचे. घट्ट्यावर दाबू नये, तिथे निरोगी माणसालाही कमी कळते. मग कंप कळतो का हे बघायला १२८ हर्ट्‌झचा ट्यूनिंग फोर्क, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी, बोटांच्या बेचक्या. सगळे मिळून पाच मिनिटे. रुग्णाने चप्पल काढलीच नाही तर ही पाच मिनिटे कधीच मिळत नाहीत. बधिर पायाला खिळा रुतलेला कळत नाही, शेकायला घेतलेले पाणी किती कढत आहे तेही कळत नाही. कुरूपावर दुकानातून आणून लावलेली कॉर्न कॅप (औषध लावलेली चिकटपट्टी) आजूबाजूची कातडी जाळते आणि तिथूनच जखम सुरू होते. बधिरपणाचे कारण दर वेळी मधुमेहच असते असेही नाही. वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या, त्यातही शाकाहारी रुग्णांत बी-१२ जीवनसत्त्व कमी झालेले असू शकते. ते तपासून भरून काढावे.

डोळ्यांचा पडदा, बाहुली मोठी करणारे थेंब घालून, टाइप २ मध्ये निदान झाल्याबरोबर आणि नंतर दरवर्षी तपासावा. नंबर तोच आहे, नीट दिसते, म्हणजे पडदा ठीक, असे नसते. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजावा. तो १३०/८० च्या आत हवा.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्याच वर्षी केंद्राने २०२५ पर्यंत रक्तदाब आणि मधुमेहाच्या साडेसात कोटी रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे लक्ष्य जाहीर केले. ‘उपचारांखाली’ म्हणजे गोळ्या मिळाल्या, एवढाच अर्थ घेतला तर वरचे काहीच होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठरवलेली लक्ष्येही नुसती रुग्ण शोधण्यापुरती नाहीत: निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांची साखर आणि ८० टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात, चाळिशीपुढच्या ६० टक्क्यांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध.

आरोग्य विभागाला मागणी एवढीच आहे. प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिरात मोनोफिलामेंट द्यावा आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना तो वापरायला शिकवावे. असंसर्गजन्य आजारांच्या नोंदवहीत साखरेच्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत: पाय, लघवीतील अल्ब्युमिन, डोळ्यांचा पडदा, प्रत्येकात शेवटच्या तपासणीची तारीख. जिल्ह्याच्या मासिक बैठकीत साखर तपासण्याच्या किती पट्ट्या वापरल्या हे विचारण्याऐवजी, बारा महिन्यांत या तीनही तारखा किती रुग्णांच्या भरल्या, हे विचारले जावे.

– मधुमेह विभागातील एक परिचारिका, अमरावती